कागदाला जागा, माणसाला वाट



घरात मिठाचा डबा ठरल्या जागी असतो. रात्री वीज गेली तरी घरची बाई अंधारात चाचपडून तो बरोबर काढते. कचेरीचेही तसेच आहे. मग ती ग्रामपंचायतीची असो, सोसायटीची असो, नाहीतर दूध डेअरीची असो.

मी आपल्याच भागातल्या एका शाळेत हेडमास्तर होतो. शाळेची कचेरी म्हणजे एक लहान खोली. तीत कपाटे, मोडकी बाके, जुने नकाशे, सगळे कोंबलेले. एके दिवशी एक बाई आली. तिचा नवरा वारला होता. त्याच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल तिला हवी होती. जुने रजिस्टर काही सापडेना. मी म्हटले, "बाई, सोमवारी या." ती सोमवारी आली. तेव्हाही सापडले नाही. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "गुरुजी, तीन रोज बुडाले माझे. आता मुकादम कामावर घेईना."

मला फार लाज वाटली. शिपायाला बरोबर घेऊन मी सगळी खोली रिकामी केली. रजिस्टर मोडक्या बाकांच्या मागे निघाले. दाखला लिहायला दहा मिनिटे लागली. दहा मिनिटांच्या कामापायी त्या बाईची तीन दिवसांची मजुरी गेली. खोली लहान होती म्हणून हे झाले नाही. मांडणी नव्हती म्हणून झाले.

हा धडा आपल्या जिल्ह्याने साऱ्या राज्याला दिलेला आहे. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) अनिलकुमार लखीना नावाचे कलेक्टर होते. त्यांनी कचेरीतले जुने कागद निवडून काढले. बसायची मांडणी बदलली. कामाला येणाऱ्या माणसाला हेलपाटे कमी पडावेत असे पाहिले. पुढे 'लखीना पॅटर्न' हे नाव गाजले. नगर शिर्डीपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. तिथे एक हेलपाटा वाचला, तर एसटीचे भाडे वाचते आणि रोजही वाचतो.

आता मांडणी कशी करावी ते पाहू.

पहिले काम, कागद निवडणे. सरकारी कचेऱ्यांत यासाठी सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. ते सहा गठ्ठे असे :

१. आपल्याला काम करायचे आहे ते कागद.
२. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारे कागद.
३. ठरल्या मुदतीला पाठवायची पत्रके.
४. नेहमी लागणारे सरकारी हुकूम.
५. काम संपलेले, पण जपून ठेवायचे कागद.
६. मुदत संपली की नष्ट करायचे कागद.

पण एक ध्यानात ठेवा. कागद नष्ट करायचे ते नियमाने आणि वरची परवानगी घेऊन. जन्म-मृत्यूची नोंदवही कायम जपायची असते. ती रद्दीत गेली, तर गावाचा पुरावाच गेला.

दुसरे काम, वाट मोकळी ठेवणे. शिर्डीत दर्शनाची रांग एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. म्हणून येणारे-जाणारे एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. कचेरीला दार एकच असेल, तर अर्ज घेणाऱ्याचे टेबल दाराजवळ ठेवावे. मग कपाटांपर्यंत गर्दी जात नाही. म्हाताऱ्या माणसासाठी भिंतीलगत एक बाक असावे.

तिसरे काम, उजेड आणि ओल पाहणे. लिहिणाऱ्याचे टेबल खिडकीजवळ असावे. कपाट भिंतीला चिकटवू नये. चार बोटे जागा सोडावी. कागद जमिनीवर ठेवू नयेत, नाहीतर वाळवी लागते. रोज लागणारी वही हाताशी, वर्षातून एकदा लागणारी वरच्या फळीवर.

चौथे काम, पाट्या लावणे. प्रत्येक कपाटावर आत काय आहे ते ठळक लिहावे. नोकर बदलला तरी पाटी सांगते.

कोणी म्हणेल, "मास्तर, हे कारकुनाचे काम, आम्हांला काय?" तसे नाही. कागदपत्रे नीट लावून, त्यांची यादी करून ठेवावी, असे माहिती अधिकाराचा २००५ चा कायदाच सांगतो. तेव्हा ग्रामसभेत उभे राहून विचारा, "आपल्या पंचायतीचे कागद लावलेले आहेत का?" रागाने नको, सरळ विचारा. आणि कपाट आवरायला दोन माणसे लागली, तर आपणच जा.

आरंभ घरापासून करा. सातबारा, रेशनकार्ड, मुलांचे दाखले आणि बँकेचे पासबुक, प्रत्येकाची पिशवी वेगळी करा. पिशवीवर नाव लिहा. काल हे नाव दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे. आज ते तुम्ही आपल्या हाताने लिहू शकता.

प्रश्न

१. त्या बाईचे तीन रोज का बुडाले?
२. सहा गठ्ठे कोणते?
३. तुमच्या पंचायतीच्या कचेरीत अर्ज घेणारा कुठे बसतो? पाहून या आणि वहीत लिहा.