जुन्या ट्रॅक्टरसाठी स्टार्टरची निवड

पेरणीचा वाफसा शेतकऱ्यासाठी थांबत नाही. अशा ऐन वेळी जुना ट्रॅक्टर सुरू न झाल्यास दिवस वाया जातो व धक्का देण्यासाठी माणसे शोधावी लागतात. मग घाईने मोठा स्टार्टर, म्हणजे ज्यास गावोगावी ‘सेल्फ’ म्हणतात तो, विकत आणला जातो. परंतु पुष्कळदा पैसे खर्च होऊनही अडचण तशीच राहते. म्हणून स्टार्टर बदलण्यापूर्वी काय तपासावे व बदलावयाचाच झाल्यास तो कसा निवडावा, याचा विचार येथे केला आहे.

एंजिन जड का फिरते?

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा दाबली जाऊन तापते व त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. त्यासाठी हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्शाइतकी दाबावी लागते. हे काम वेगानेही व्हावे लागते. एंजिन सावकाश फिरल्यास दाबलेली हवा पिस्टनच्या कडेने निसटते, तिची उष्णता थंड धातूत जिरते आणि डिझेल पेटत नाही. थंडीत ऑइल घट्ट होते व बॅटरीचा जोरही घटतो. त्यामुळे पहाटे ही अडचण अधिक जाणवते.

प्रथम काय तपासावे?

१. बॅटरी : पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. गेल्यास बॅटरी अशक्त आहे, किंवा स्टार्टर अथवा एंजिन अडकत आहे, असे समजावे.

२. तारा व जोड : समजा, तारेतून ३०० अँपिअर प्रवाह जात आहे व गंजलेल्या जोडामुळे केवळ ०.००५ ओहम रोध वाढला आहे. तेवढ्यानेच दीड व्होल्ट, म्हणजे बॅटरीचा आठवा हिस्सा, वाटेत नष्ट होतो. सेल्फ मारताना बॅटरीचे धन टोक व स्टार्टरचे टोक यांमध्ये व्होल्टमीटर लावावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखवीत असल्यास दोष तारेत किंवा जोडात आहे. चासीला जोडलेली अर्थची तारही अशीच तपासावी.

३. इंधन : एंजिन जोराने फिरूनही सुरू होत नसेल तर स्टार्टर निर्दोष आहे. डिझेलमध्ये धरलेली हवा, नोझल, हीटर व एंजिनाची झीज यांकडे पाहावे. इंग्लंडमध्ये १९५६ साली निघालेल्या फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टरचे चार सिलिंडरांचे डिझेल एंजिन थंडीत सुरू होण्यास त्रास देई. त्यावर खरा उपाय झाला तो पुढे बसविलेल्या पर्किन्सच्या तीन सिलिंडरांच्या एंजिनाने.

निवड कशी करावी?

वरील सर्व ठीक असून स्टार्टरच झिजला असेल, तर प्रथम त्याचे कार्बन ब्रश व बुश बदलून पाहावेत. हा खर्च अल्प असतो. नवा घ्यावयाचा झाल्यास दोन प्रकार मिळतात. पहिल्यात पिनियन थेट आर्मेचरच्या दांड्यावर असते. हा वजनाने जड, पण रचनेने साधा असतो. दुसऱ्यात मध्ये गिअर असून आर्मेचर पिनियनच्या तीन-चार पट वेगाने फिरते. त्यामुळे लहान मोटर अधिक पीळ देते व बॅटरीवर भार कमी पडतो. जड फिरणाऱ्या जुन्या एंजिनास हा दुसरा प्रकार बहुधा सोयीचा ठरतो.

केवळ अधिक किलोवॅटच्या मोहात पडू नये. तीन किलोवॅटच्या मोटरला दहा व्होल्ट मिळाले, तर नुसत्या हिशोबानेच ३०० अँपिअर लागतात. प्रत्यक्षात त्याहून अधिक. जुनी बॅटरी व बारीक तार हा भार सोसू शकत नाहीत.

खरेदीस जाताना जुना स्टार्टर बरोबर न्यावा व पुढील गोष्टी जुळवून पाहाव्यात : व्होल्ट, फिरण्याची दिशा, पिनियनच्या दातांची संख्या व आकार, बोल्टची भोके, आणि पिनियन पुढे सरकण्याचे अंतर. फ्लायव्हीलची दातेरी कडीही पूर्ण फिरवून तपासावी. एंजिन बंद होताना ठराविक जागीच थांबते, म्हणून तेथील दात आधी झिजतात. झिजलेल्या कडीवर नवे पिनियनही लवकर खराब होते.

दक्षता

स्टार्टर काढण्यापूर्वी बॅटरीची अर्थची तार सोडावी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये दोन मिनिटे विश्रांती द्यावी. स्टार्टरच्या टोकांवर पेचकस टेकवून ट्रॅक्टर कधीही सुरू करू नये; तो गिअरमध्ये असल्यास जवळ उभ्या माणसाच्या अंगावर जातो. हँडल मारावे लागल्यास अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे उलट झटक्याने हात मोडण्याचा धोका कमी होतो.

ग्रामसेवकांनी पेरणीपूर्वी गावातील जुन्या ट्रॅक्टरांची बॅटरी व तारा व्होल्टमीटरने तपासून घेण्यास शेतकरी बंधूंना साहाय्य करावे. आधी तपासणी, मग दुरुस्ती व शेवटी खरेदी हा क्रम पाळल्यास पैसा व वाफसा दोन्ही वाचतील.