आटलेल्या तळ्यात गोगलगायी येतात कुठून?

प्रश्न : आम्ही चेन्नईत वेळच्चेरीला राहतो. घरामागचे तळे मे महिन्यात पार आटते, तळाला भेगा पडतात. ऑक्टोबरात मोठा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत तिथे लिंबाएवढ्या गोगलगायी फिरू लागतात. शेजारच्या आजी म्हणतात, त्या पावसाबरोबर पडतात. आमचे चिरंजीव म्हणतात, चिखलातून तयार होतात. खरे काय?

उत्तर : दोघांचेही म्हणणे तूर्त बाजूला ठेवू आणि तुम्ही सांगितलेला आकार पाहू. शंख हा गोगलगायीच्याच अंगातून पाझरलेल्या चुन्याचा बनतो आणि तोंडाच्या काठाशी थोडा थोडा वाढत जातो. तो लिंबाएवढा व्हायला कित्येक महिने लागतात, आठ दिवस पुरत नाहीत. तेव्हा या गोगलगायी नव्याने आलेल्या नाहीत. तुम्ही उन्हाळ्यात कोरड्या तळ्यातून चालत गेला असाल, तर त्या तुमच्या पायाखालीच होत्या.

ही पायला वंशातली गोगलगाय. प्राणिशास्त्र शिकलेल्यांनी ती प्रयोगशाळेच्या टेबलावर पाहिलेली असते. पाणी आटू लागले की ती ओल्या गाळात शिरते आणि मांसल पाय आत ओढून घेते. पायाच्या मागच्या भागावर एक कठीण झाकण असते, ते शंखाच्या तोंडावर घट्ट बसते आणि अंगातली ओल टिकते. हालचाल नाही, खाणे नाही, त्यामुळे शरीराचा खर्चही अगदी थोडा. राहता राहिले उत्सर्जन. एरवी ती अमोनिया पाण्यात सोडून देते, पण बंद शंखात तो साचला तर विषच. म्हणून या काळात तिचे शरीर यूरिक आम्ल बनवते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे पाऊस येईपर्यंत साठवून ठेवता येते.

पाण्यातला प्राणी कोरड्या गाळात गुदमरत कसा नाही, ही शंका आता येईलच. पायलाकडे श्वासाची दोन साधने आहेत : पाण्यासाठी कल्ला आणि हवेसाठी फुप्फुसासारखी पिशवी. गाळातल्या मुक्कामात पिशवी कामी येते. भरल्या तळ्यातही प्राणवायू कमी पडला की ती पृष्ठभागाजवळ येऊन मांसल नळी वर काढते आणि हवा घेते. पुष्कळांना वाटते की ती मरायला टेकली आहे. प्रत्यक्षात तिचा श्वासोच्छ्वास चाललेला असतो.

चेन्नईच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. तळे भरले, गाळ भिजला की झाकणे उघडतात. मग खाणे आणि वीण. अंडी मात्र पाण्यात शोधू नका. पायलाची मादी काठावरच्या ओल्या मातीत पांढऱ्या अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यातून थेट छोट्या शंखासह पिल्ले निघतात.

मग नव्याने खोदलेल्या तळ्यात गोगलगायी कशा येतात? काही पुराच्या पाण्याबरोबर, काही पाणवनस्पतींबरोबर, तर लहान जाती पक्ष्यांच्या पायांना चिकटूनही. डार्विनने १८५९च्या ग्रंथात यावरचा आपला प्रयोग नोंदवला आहे. त्याने बदकाचे पाय पाण्याच्या टाकीत टांगून ठेवले. नुकत्याच जन्मलेल्या गोगलगायी त्यांना चिकटल्या आणि दमट हवेत १२ ते २० तास जगल्या. तुमच्या जवळच्या पळ्ळीकरणै पाणथळीवर पक्ष्यांची ये-जा केवढी असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. २०२२ साली तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळाले. अर्थात सगळेच पक्षी गोगलगायींना वाहून नेतात असे नाही. मुग्धबलाकाचे तर त्या मुख्य अन्न.

थोडक्यात, डास आणि चतुर नव्या पाण्यावर उडत येतात, काही सूक्ष्म कवचधारी जीवांची अंडी सुक्या मातीत वाट पाहतात आणि पायला स्वतःच दडून राहते. चिखलाकडे बोट दाखवणारे चिरंजीव आजींपेक्षा जवळ पोहोचले, एवढे मान्य करायला हवे. चिखल तिला घडवत नाही, सांभाळतो. म्हणूनच तळ्याचा सगळा गाळ उपसला, तर पुढच्या पावसात मोठ्या गोगलगायी कमी दिसतील.

खात्री करायची असेल तर मे महिन्यात झाकण बंद असलेला, हाताला जड लागणारा शंख उथळ पाण्यात ठेवून पाहा. नंतर हात साबणाने धुवा, कारण काही गोगलगायींत परजीवी असतात, आणि पाहुणीला तिच्याच तळ्यात परत सोडा.