बारा क्लास आणि एक भाचा

चि. भाचेबुवांस,


परीक्षा संपताच तू ‘बाल्डर्स गेट ३’ विकत घेतलास, हे ताईकडून कळलं. ‘हे काय नवीन खूळ’ असा तिचा सूर होता. युरोपात या खेळाला अठरा वर्षांची अट आहे आणि तुला अठरा पूर्ण झाली आहेत, एवढं सांगून मी तिला गप्प केलं. मग तुझा प्रश्न आला : “मावशी, सगळ्यात पॉवरफुल क्लास कोणता?” सोबत यूट्यूबवरच्या ‘टॉप टेन’ याद्या. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण तू अजून पात्र बनवायच्या पडद्यावरच अडकून पडला आहेस असं दिसतंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझा प्रश्न बदल. कोण जास्त ताकदवान, हे विचारूच नकोस. या खेळात पुढचे कित्येक आठवडे जातील. इतके दिवस दर लढाईत, दर पाळीला काय करायला तुला मजा येईल, ते विचार. क्लास म्हणजे पात्राचा पेशा; तो निवडलास की रोजचा उद्योग निवडलास. उद्योग अंगाला मानवला तर खेळ रंगतो. नाही मानवला तर यादीतला पहिला नंबर घेऊनही जांभया येतात.

हे क्लास मुळात आले कुठून, तेही थोडक्यात ऐक. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मित्रांनी टेबलाभोवती बसून खेळायचा हा खेळ. तेव्हा क्लास तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि देवाच्या नावाने लढणारा क्लेरिक. चोर आला त्याच्या पुढच्या वर्षी. एकट्याला सगळं येऊच नये, एकाचं अडलं की दुसऱ्याने पुढे व्हावं, अशीच ती रचना होती. बेल्जियममधल्या गेंटच्या लॅरियन स्टुडिओजने २०२३ मध्ये आणलेला तुझा खेळ त्याच घराण्यातला, पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलेला. क्लास बारा झाले, पण कोणाला ना कोणाला काहीतरी कमी ठेवायचं, हे धोरण कायम राहिलं.

आणि तू एकटा नाहीस. तुझी टोळी चौघांची. शॅडोहार्ट क्लेरिक आहे, अ‍ॅस्टेरियन रोग म्हणजे चोर, गेल विझार्ड, लेझेल फायटर, विल वॉरलॉक, कार्लाख बार्बेरियन. ही मंडळी पहिल्याच अंकात भेटतात आणि लढाईत त्यांना तूच चालवतोस. तू विझार्ड नाही घेतलास तर गेल आहेच. कुलपं उघडायला रोगच हवा असंही काही नाही. हात चपळ असलेल्या कोणाच्याही हाती कुलूप उघडायची हत्यारं दिली की भागतं. तेव्हा ‘टोळीला काय लागेल’ ही काळजी डोक्यातून काढून टाक.

आता तुझा स्वभाव तपासू. मला यात सगळ्यात मोठा फरक वाटतो तो उधळ्या आणि जपून खर्च करणाऱ्या क्लासांचा. फायटर हा उधळ्या. तलवार कधी संपत नाही. पाचव्या लेव्हलला एका पाळीत दोन वार, अकराव्याला तीन. दुसऱ्या लेव्हलला ‘अ‍ॅक्शन सर्ज’ मिळतो, म्हणजे एकाच पाळीत आणखी एक पूर्ण कृती, आणि तोही छोट्या विश्रांतीनंतर परत भरतो. विझार्डचं गणित उलटं. पाचव्या लेव्हलला त्याच्या हाती फायरबॉल येतो. सहा बाजूंचे आठ फासे एकदम पडतात आणि समोरचा घोळका भाजून निघतो. पण असे मंत्र दोनदाच टाकता येतात, ‘आर्केन रिकव्हरी’ वापरून फार तर आणखी एकदा. मग मंत्र परत मिळवायला मुक्काम करायचा, आणि नेहमीच्या काठिण्यपातळीवर एका मुक्कामाला चाळीस शिधा लागतो. शिवाय त्या आगीला आपला-परका कळत नाही. इव्होकेशनची शाखा घेतली नसेल तर कार्लाखही त्यात होरपळते. दिवाळीच्या फराळातली शेवटची चकली तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवणारी माणसं असतात ना, त्यांना विझार्ड शोभतो. तू पहिल्याच दिवशी डबा रिकामा करणारा!

जादूच हवी असेल आणि जपणं जमत नसेल, तर वॉरलॉक आहे. त्याच्याकडे मंत्राच्या जागा अगदी मोजक्या, सुरुवातीला एक आणि मग दोन. पण त्या छोट्या विश्रांतीतच परत मिळतात आणि दोन मुक्कामांच्या मध्ये अशा दोन विश्रांती घेता येतात. त्याचा ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ तर फुकटचा, कितीही वेळा मारावा. विझार्ड आणि सॉर्सरर बाहेरून सारखेच दिसतात, पण तिथेही स्वभाव आडवा येतो. विझार्ड सापडलेल्या गुंडाळ्यांतून नवे मंत्र उतरवून घेतो आणि लढाई नसेल तेव्हा हवे ते तयार ठेवतो. सॉर्सररला मोजकेच येतात, पण तो ते वाकवतो : एकच मंत्र दोघांवर टाकतो, किंवा एका पाळीत दोन मंत्र बसवतो. वह्या नीट ठेवायची हौस असेल तर पहिला, आयत्या वेळी जुळवाजुळव करायची असेल तर दुसरा.

याद्यांमध्ये एक गोष्ट सहसा नसते. हा खेळ निम्मा बोलण्याचा आहे, आणि बोलायची वेळ बहुतेकदा नायकावर, म्हणजे तुझ्यावर येते. पहिल्या अंकात एक उजाड गाव लागतं. वेशीतून आत शिरलास की छपरांवर धनुष्यं रोखून बसलेले गॉब्लिन दिसतात. तिथे पडद्यावर वीस बाजूंचा फासा येतो. जिभेवर साखर असेल किंवा आवाजात जरब असेल तर एकही बाण न सुटता तू पुढे जातोस. नसेल तर वरून मारा सुरू. फाशावर एक आला तर कितीही हुशारी असो, बोलणं फसतं, आणि वीस आला की काहीही खपून जातं. मधल्या आकड्यांवर मात्र तुझा करिष्मा तारतो. बार्ड, पॅलाडिन, सॉर्सरर आणि वॉरलॉक यांचा तो मुख्य गुण आहे. पहिल्या खेपेला या चौघांतलाच एक घ्यावा, असं माझं मत आहे.

त्यातला पॅलाडिन तुझ्यासाठी बाद. तो दिसतो रुबाबदार, मारतोही जबर, पण शपथेला बांधलेला असतो. निरुपद्रवी माणसावर विनाकारण हात उगारलास की शपथ मोडते आणि काळ्या चिलखतातला एक सरदार जाब विचारायला छावणीत हजर होतो. शपथ परत घ्यायची तर त्याला हजार मोहरा मोजाव्या लागतात. वाटेत दिसेल त्याच्या वाटेला जायची तुझी खोड पाहता हे तुला परवडायचं नाही.

उरलेल्या तिघांत माझा कौल बार्डला. तो बोलतो, थोड्या जखमा भरतो, टोळीला हुरूप देतो, आणि न शिकलेल्या कामातही त्याला थोडं थोडं जमतं. ‘व्हिशस मॉकरी’ हा त्याचा मंत्र तर आपल्या घरासाठीच केला असावा. शत्रूला असा टोमणा मारायचा की त्याला खरोखर इजा होते आणि त्याचा पुढचा वार चुकायची शक्यता वाढते. टोमण्यांची ही विद्या तुला आजीकडून, ताईकडून आणि माझ्याकडून वारशाने मिळाली आहे. मंत्राला खर्च शून्य. तिसऱ्या लेव्हलला ‘कॉलेज ऑफ स्वोर्ड्स’ घेतलंस तर तलवारीचीही हौस भागेल.

दोन गोष्टी पाळ. पहिली, पाचव्या लेव्हलपर्यंत क्लासला नावं ठेवू नकोस. तोवर सगळ्यांचेच वार हुकतात आणि सगळेच पटकन मरतात. दुसरी, पहिल्या खेपेला दोन क्लासांची भेसळ करू नकोस. व्हिडिओवाले करतात, कारण त्यांना नियम तोंडपाठ असतात. अधल्यामधल्या लेव्हली दुसरीकडे गेल्या की हक्काचा दुसरा वार आणि मोठे मंत्र लांबतात. मग डाव अंगावर येतो आणि दोष क्लासला मिळतो.

एवढं करूनही नाही आवडलं, तर विदर्स आहे. पहिल्या अंकातल्या पडक्या मंदिराच्या तळघरात सापडतो, नाही सापडला तर आपण होऊन छावणीत येतो. शंभर मोहरा दिल्या की तो क्लास आणि गुणांचे आकडे नव्याने मांडू देतो, तुझेच काय, सोबत्यांचेसुद्धा. वंश मात्र त्याला बदलता येत नाही. म्हणजे ज्यावर तू इतके दिवस घालवलेस तो निर्णय शंभर मोहरांचा आहे. घासाघीस करायची असेल तर ती ड्रो व्हायचं की बुटका, या वंशाच्या निवडीवर कर.

तेव्हा त्या याद्या बंद कर, बार्ड घे आणि आज रात्रीच डाव सुरू कर. पाचवी लेव्हल गाठलीस की फोन कर, तोवर मला एकही व्हिडिओ पाठवू नकोस. ताईला नमस्कार.

तुझी,
मावशी