‘उचल्या’ : निवेदनाचा काळ, भाषांतर आणि सामाजिक इतिहासाचा पुरावा

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले. १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पुढे दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, पी. ए. कोल्हारकर यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर ‘द ब्रँडेड’ या नावाने साहित्य अकादमीनेच प्रकाशित केले. या कृतीचा विचार सामान्यतः दोन अंगांनी होत आला आहे. वाङ्मयाचे अभ्यासक तिच्यातील बोली, अनुभवाचा दाहकपणा आणि निवेदनाचा मोकळेपणा यांविषयी लिहितात. समाजशास्त्राचे अभ्यासक तिच्याकडे एका विमुक्त जमातीच्या जीवनाचा दस्तऐवज म्हणून पाहतात. हा अनुभव कोणत्या व्याकरणात सांगितला गेला आहे, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सहसा बाजूला राहतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार योजिला आहे. कारण भाषांतराचा आणि इतिहासाचा प्रश्न त्यातूनच उद्भवतो.

फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये कथनातील काळाची मीमांसा करताना क्रम आणि अवधी यांच्या जोडीला ‘वारंवारता’ ही तिसरी बाब मांडली. एकदा घडलेले एकदा सांगणे निराळे आणि अनेकदा घडलेले एकदाच सांगणे निराळे, असा तो भेद आहे. मराठीला हा भेद बाहेरून घ्यावा लागत नाही. तो आपल्या क्रियापदातच आहे. ‘पोलीस आले’ हा साधा भूतकाळ, तर ‘पोलीस येत’, ‘पोलीस यायचे’ हा रीतिभूतकाळ. पहिल्या वाक्यात एक दिवस आहे. दुसऱ्यात दिवसांची गणना संपली आहे. वस्तीवरची धाड, झडती, मार, बायकापोरांची उपासमार हे सारे रीतिभूतकाळात येते तेव्हा निवेदक एखादी आपत्ती सांगत नसतो, तो एक व्यवस्था सांगत असतो. ‘उचल्या’च्या पूर्वार्धाचा जोर पुष्कळ अंशी या रूपात आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तिथे ‘मी’ फारसा सुटा दिसत नाही. तो ‘आम्ही’च्या पोटात असतो, आणि ‘आम्ही’चे जगणे रीतीनेच चाललेले असते. लहान मुलांना चोरीचे शिक्षण देताना मार सहन करण्याची सवय लावणे, हा भागही असाच. तो एका मुलाच्या वाट्याला आलेला प्रसंग नसून पिढ्यांचा पाठ आहे.

या पार्श्वभूमीवर शाळेचा प्रसंग वाचावा. वडील मार्तंड मुलाला शाळेत घालतात. पुढे वस्तीत मुलांना जुलाब-उलट्या सुरू होतात, आणि लक्ष्मण शाळेत जाऊ लागल्यामुळेच हे अरिष्ट आले, असे जमातीतील लोक मानतात. येथे क्रियापद बदलते. हे ‘व्हायचे’ नव्हे, हे ‘झाले’. आजवर कोणी केले नव्हते ते एकाने केले, म्हणून ते एकदाच घडले आणि एकदाच सांगितले गेले. रीत मोडणारा प्रसंग कथनाचीही रीत मोडतो. उत्तरार्धात सूतगिरणीतील नोकरी, कामगारांची संघटना, विमुक्तांच्या चळवळीतील कार्य हे सर्व अशाच एकेरी प्रसंगांनी भरलेले आहे. त्यामुळे तो भाग काही वाचकांना कार्यवृत्तासारखा कोरडा वाटतो. ही कोरड नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिला लेखकाचे शैथिल्य म्हणणे घाईचे होईल. ज्याला आता तारीख असलेले आयुष्य मिळाले आहे, तो तारखांनीच बोलणार.

भाषांतरात नेमका हा सांधा निसटण्याची भीती असते. इंग्रजीत रीतिभूतासाठी साहाय्यक शब्द योजावे लागतात. ते पानभर आले की गद्य जड होते, आणि भाषांतरकार स्वाभाविकपणे साध्या भूतकाळाकडे वळतो. वाक्य सुटसुटीत होते खरे, पण अनेक धाडींची एक धाड होऊन बसते. दुसरी अडचण बोलीची. लातूरकडची मराठी, त्यात मिसळलेली दखनी आणि जमातीची स्वतःची भाषा यांतील अंतर मराठी वाचकाला कानाने कळते. इंग्रजीत या तिन्ही पातळ्या एका सपाटीवर येतात. आणि तिसरी गोष्ट शीर्षकाची. ‘उचल्या’ हा शब्द कर्त्याचा आहे : उचलतो तो उचल्या. समाजाने दिलेली शिवी लेखकाने स्वतःच्या पुस्तकाच्या माथ्यावर लावून घेतली, यातच त्याचे उत्तर आहे. ‘द ब्रँडेड’ म्हणजे डागलेला. येथे कर्ता कर्म झाला आणि डाग देणारा हात पुढे आला. अर्थ चुकला असे नव्हे. तो उघड झाला, आणि उघड होताना त्यातील उपरोध गेला. ‘जिणं आमुचं’ या बेबी कांबळे यांच्या आत्मकथनाचे माया पंडित यांनी २००८ मध्ये ‘द प्रिझन्स वुइ ब्रोक’ केले, त्यातही हीच दिशा दिसते. याउलट ‘बलुतं’ इंग्रजीत नेताना जेरी पिंटो यांनी २०१५ मध्ये मूळ शब्दच राखला.

‘डागलेला’ या शब्दाने वाचक थेट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याकडे जातो. मराठीतील समीक्षालेखही ‘उचल्या’विषयी लिहिताना हे साल जवळजवळ सवयीने देतात. येथे थांबून विचारणे आवश्यक आहे. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. लेखकाचे धनेगाव ज्या मुलखात येते, तो १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. आजोबांच्या पिढीला द्यावी लागणारी हजेरी संस्थानच्या कोणत्या हुकुमाने होती, ती पोलीस पाटलाच्या अधिकारात कशी आली, हे स्वतंत्रपणेच पाहावे लागेल. शिवाय १९५२ साली गुन्हेगार जमातींचे कायदे रद्द झाले. लेखकाचे स्वतःचे बालपण त्यानंतरचे आहे. म्हणजे पुस्तकात प्रत्यक्ष अनुभवलेला डाग हा कायदा गेल्यावरचा आहे, आणि तो कागदावर नसल्याने पुसताही येत नाही. निवेदकाच्या रीतिभूतकाळात हे दोन्ही कालखंड एकमेकांत मिसळतात. साहित्यकृतीचे ते सामर्थ्य होय. इतिहासकाराला मात्र तेथे गाठ सोडवावी लागते. ‘यायचे’ म्हणजे नेमके कधी, हे कृती सांगत नाही, आणि तिने सांगावे अशी अपेक्षाही योग्य नाही.

ही गाठ सोडविण्याचे काम पुण्या-मुंबईपेक्षा या भागातील संशोधकाला अधिक जवळचे आहे. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यापासून लातूर जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आहेत. १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झालेल्या शिरूर अनंतपाळसारख्या गावातून एखादा विद्यार्थी या विषयाकडे वळला, तर त्याला बोली कानावरची असेल. कागद मात्र परके वाटतील. संस्थानच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू, सनावळी फसली. शिवाय निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. त्यामुळे शिरूरच्या परिसरातील वस्त्यांवरची हजेरी शोधावयाची तर उस्मानाबादचे कागद पुरणार नाहीत, बीदर आणि हैदराबादचे दप्तर चाळावे लागेल. मराठी विभागात संशोधनपद्धतीच्या तासाला उर्दू लिपीची ओळख करून देण्याची प्रथा नाही. ‘उचल्या’मधील ‘हजेरी’ हा एक शब्द नीट समजून घ्यावयाचा, तर प्रारंभ तेथून करावा लागेल.