पश्चिमेची खिडकी आणि चिकाचा पडदा

शेगावसारख्या गावी, जेथे वैशाखात पारा ४४ अंशांपलीकडे गेला तरी कोणास नवल वाटत नाही, तेथे खिडकीला पडदा असावा की नसावा हा वादाचा विषयच नव्हे. तो कोठे असावा, कशाचा असावा आणि त्याची निगा कशी राखावी, एवढेच प्रश्न उरतात, आणि त्यांची जी उत्तरे मला आमच्या घरात मिळाली ती नव्याने घर बांधणाऱ्यांच्या उपयोगी पडावीत म्हणून येथे नमूद करते.

आमच्या पश्चिमेच्या खोलीस दुकानदाराच्या माणसाने काचेच्या आतल्या बाजूस प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्यांचा पडदा बसवून दिला होता. तो दिसावयास नेटका, पुसावयास सोपा; परंतु दुपारी तीननंतर त्या पट्ट्यांवर ठेवलेला हात तत्काळ मागे घ्यावा लागे, आणि पडदा पूर्ण मिटलेला असूनही खोली रात्री दहापर्यंत धुमसत राही. याचे कारण उघड आहे. काच उन्हाला आत येऊ देते. ते पट्ट्यांवर पडून त्याची उष्णता झाली, की त्या उष्णतेस मात्र बाहेरची वाट मोकळी राहत नाही. ऊन अडवावयाचे तर ते काचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडविले पाहिजे. म्हणून पुढील उन्हाळ्यात बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांचा, म्हणजेच चिकाचा, पडदा विणून घेतला आणि छज्ज्याच्या कडेपासून, भिंतीशी वीतभर अंतर राखून, बाहेरून सोडला. मधल्या मोकळ्या जागेतून तापलेली हवा वर निघून जाते, आणि कामट्यांच्या फटींतून वाऱ्यालाही मज्जाव होत नाही.

दिशेचा हिशेब मात्र प्रत्येकाने स्वतः करावा. शेगाव साधारण २०.८ उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीस छज्जा पुरेसा होतो. पण तोच सूर्य मावळतो तो पश्चिमबिंदूच्या सुमारे २२ अंश उत्तरेस, आणि म्हणून जी उत्तरेची खिडकी थंड समजून आपण उघडी ठेवतो, तिच्यातून सायंकाळी तिरपे ऊन थेट आत शिरते. पडद्याची पहिली तजवीज पश्चिमेस, दुसरी उत्तरेस करावी.

आता वाळ्याच्या, म्हणजेच खसाच्या, ताटीविषयी. अबुल फझलाच्या ‘आईन-ए-अकबरी’त खसाच्या गारव्याचा उल्लेख आहे, आणि इंग्रजी अमदानीत साहेबांच्या बंगल्यांतून व कचेऱ्यांतून वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारण्यासाठी माणसे नेमलेली असत. युक्ती जुनी आणि सच्ची आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. परंतु आपला तालुका पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो, ही गोष्ट येथे विसरून चालत नाही. आमच्या शेजारी बोअरचे पाणी ताटीवर रोज मारले जाई. पंधरवड्यात मुळ्यांवर पांढरा थर चढला, त्या काडीसारख्या कडक झाल्या, सुगंध नाहीसा झाला आणि खालच्या चौकटीचे खिळे गंजून सुटले. क्षार वाफेबरोबर जात नाहीत, ते मागेच साचतात. ताटीसाठी नळाचे गोडे पाणीच वापरावे, आणि ते मोलाचे असल्यामुळे सगळ्या खिडक्या न भिजवता वारा ज्या एका खिडकीतून येतो तेवढीच भिजवावी. समोरचे दार उघडे ठेवावे, अन्यथा गारव्याऐवजी घुसमट वाढते. आभाळ भरून हवा दमट झाली, की हा खटाटोप व्यर्थ होय. बांबूचा पडदा मात्र भिजवू नये. त्यास बुरशी धरते.

याहून गंभीर बाब पडद्याच्या दोरीची आहे. रामनवमीच्या उत्सवात गावात दिंड्या येतात आणि प्रत्येक घरी पाहुण्यांची वर्दळ असते. अशाच एका वर्षी पाहुण्यांची दोन वर्षांची नात त्या आतल्या पडद्याखालच्या पलंगावर खेळत होती. दोरीचा लोंबता फेरा तिने डोक्यावरून घेतला आणि ती पलंगावरून खाली उतरू लागली. तिची आजी हाताच्या अंतरावर होती म्हणून निभावले. गळ्यावरचा लाल वळ सायंकाळपर्यंत दिसत होता. अशा वेळी मूल ओरडू शकत नाही, हे प्रत्येक आईबापाने ध्यानी धरावे. दोरीचा फेरा कापून टोके सुटी करावीत, ती प्रौढ माणसाच्या खांद्याच्या उंचीवरील खुंटीस गुंडाळावीत. मण्यांची अखंड साखळी असेल तर ती भिंतीस ताणून पक्की खिळवावी, आणि पाळणा किंवा पलंग खिडकीखाली कदापि ठेवू नये. अमेरिकेत २०१८ सालापासून दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांना मुलांच्या हाती लागेल अशी दोरी नसावी असा दंडक आहे. आपल्याकडे हा बंदोबस्त घरच्यांनीच करावयाचा आहे.

चिकाच्या पडद्याचे इतर उपयोग सांगावे तितके थोडे. ओसरीवर तो मधोमध सोडला की मुक्कामास आलेल्या स्त्रियांना आडोसा मिळतो आणि वाराही अडत नाही. माठ त्याच्या सावलीत ठेवावा, कारण माठाला सावली आणि वारा दोन्ही हवेत. कुंडीतला मोगरा चैत्रानंतर त्याच्याआड घ्यावा. कुरडया घालण्यासाठी तर जुना पडदा बाजेवर पसरून त्यावर धुतलेले पातळ कापड अंथरावे. खालून हवा लागल्याने त्या उलटण्याची घाई राहत नाही. काढून टाकलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्याही वाया गेल्या नाहीत: कापून, त्यांवर नावे लिहून, मी त्या रोपांच्या वाफ्यांत खोवल्या आहेत आणि उरलेल्यांचे कप्पे मसाल्याच्या खणात केले आहेत.

मृगाचा पहिला पाऊस येण्यापूर्वी वाळ्याची ताटी गोड्या पाण्याने एकदा धुऊन सावलीत पूर्ण वाळवावी आणि कडुलिंबाचा पाला घालून माळ्यावर ठेवावी. बांबूचा पडदा गुंडाळून भिंतीस टेकवून न ठेवता आडवा टांगावा, म्हणजे वाळवी लागत नाही. नवा करवून घ्यावयाचा असल्यास बुरुडास फाल्गुनातच माप द्यावे, आणि ते देताना खिडकीपेक्षा दोन्ही अंगांस वीतवीतभर अधिक धरावे.