गच्चीवरची बाडी : निवृत्तीनंतरची सेंद्रिय भाजीबाग

सेवानिवृत्तीचा निरोप समारंभ आटोपतो, शाल-श्रीफळ घरी येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी जाग येते. कामावर मात्र जायचे नसते. भिलाईसारख्या नगरात ही जाणीव अधिक तीव्र असते, कारण येथील जीवन पाळीच्या वेळापत्रकावर बेतलेले आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. त्या निमित्ताने देशाच्या अनेक प्रांतांतून, जवळच्या विदर्भातूनही, कुटुंबे येथे आली व स्थिरावली. अशा निवृत्तांच्या हाती भरपूर वेळ असतो आणि अनेकांच्या डोक्यावर रिकामी गच्चीही असते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छत्तीसगढच्या खेड्यात घरामागे भाजीपाल्याची छोटी जागा असते, तिला ‘बाडी’ म्हणतात. लाल भाजी, बरबटी, सेमी आणि मुनगा, म्हणजे आपला लाल माठ, चवळी, वाल आणि शेवगा, हे या बाडीचे नेहमीचे मानकरी. शहरात अंगण आक्रसले, तेव्हा बाडीने वर चढावे हे ओघानेच आले. मात्र गच्ची म्हणजे शेत नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

आधी गच्चीची क्षमता

प्रस्तुत लेखकाने पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात शेतातील काळी माती आणून मोठे पिंप काठोकाठ भरले. पावसाळ्यात ती माती चिकट गोळा झाली, मे महिन्यात तिला भेगा पडल्या आणि खालच्या खोलीच्या छताला ओल आली. नंतर हिशेब मांडला, तेव्हा चुकीचे गांभीर्य कळले.

भारतीय मानक ८७५ (भाग २) नुसार माणसांचा वावर असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो, इतका भार गृहीत धरला जातो. जेथे वावर अपेक्षित नाही, तेथे तो याच्या निम्मा असतो. आता एक चौरस मीटरवर एक फूट उंचीची माती घातली, तर ती सुमारे ३०० लिटर होते आणि ओली झाल्यावर तिचे वजन ५०० किलोंच्या पुढे जाते. म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून अधिक! जुन्या स्लॅबवर असा भार टाकणे हे केवळ बागेचे नव्हे, घरातील माणसांच्या सुरक्षिततेचे प्रकरण होय.

म्हणून आरंभी स्थापत्य अभियंत्याकडून छत तपासून घ्यावे व जलरोधक थर करून घ्यावा. वाफे वा पिशव्या विटांवर उचलून ठेवाव्यात, म्हणजे खालून पाणी वाहून जाते. जड पिंपे आधारभिंती व तुळयांच्या वरच असावीत. छताचा मध्यभाग मोकळा सोडावा. घर भाडेपट्ट्यावरील असल्यास संबंधितांची लेखी परवानगी आधी घ्यावी.

माती विकत न घेता घडवावी

हलकी, सकस माती घरीच तयार होऊ शकते, हे आपल्याकडे अनेकांनी दाखवून दिले आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून सामान्य माणसाला स्वतः प्रयोग करून शेती शिकण्याचा मार्ग दाखविला. मुंबईत तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास बाग फुलविली. स्वयंपाकघरातून रोज निघणारा ओला कचरा हेच त्या बागेचे मुख्य भांडवल होते.

रीत अवघड नाही. तळाला व बाजूंना छिद्रे असलेल्या पिंपात वाळलेल्या पानांचे तीन भाग आणि भाजीच्या देठा-सालींचा एक भाग असे थर द्यावेत. मध्ये मूठभर जुने खत टाकावे. भट्टीत कोक, खनिज व चुनखडी यांचे थर प्रमाणात पडले नाहीत तर काय होते, हे भिलाईकरांस सांगावयास नको. येथेही तोच नियम आहे. ओला कचरा अधिक झाल्यास दुर्गंधी येते, कोरडी पाने अधिक झाल्यास कुजणे मंदावते. आठवड्यातून एकदा ढवळल्यास सुमारे तीन महिन्यांत काळसर, मातीचा सुगंध असलेले खत हाती येते.

अशा खताचे पाच भाग, भाताचे जुने मुरलेले तूस तीन भाग आणि साधी माती दोन भाग, हे मिश्रण ओल्या मातीच्या सुमारे निम्म्या वजनाचे भरते. भाताचे कोठार म्हणविणाऱ्या या प्रदेशात तूस सहज मिळते. पालेभाज्यांना या मिश्रणाचा सहा इंचांचा थर पुरतो. तरीही एवढ्या थराने छताची मर्यादा जवळपास गाठली जाते. म्हणून आरंभी एक तृतीयांशाहून अधिक गच्ची व्यापू नये.

ऋतुमानानुसार लागवड

पहिल्या पावसानंतर भेंडी, गवार, चवळी, दोडका व कारले लावावे. वेलींना कठड्यालगत मांडव द्यावा. ऑक्टोबरपासून मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वांगी व टोमॅटो यांचा हंगाम सुरू होतो. नवशिक्याने येथूनच आरंभ करावा, कारण हिवाळा चुका पोटात घालतो. फेब्रुवारीत लाल माठ व काकडी घ्यावी. पालेभाजी एकदम न पेरता दर दहा दिवसांनी थोडी थोडी पेरल्यास ती सतत मिळत राहते.

खरी कसोटी उन्हाळ्याची. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावर मे अखेरीस येणाऱ्या ‘नवतपा’त येथील छत अक्षरशः तापते. त्यापूर्वीच निम्मे ऊन अडविणारी जाळी बांधावी, मिश्रणावर वाळल्या पानांचे आच्छादन घालावे आणि पाणी सकाळी लवकर द्यावे. या दिवसांत एका चौरस मीटरच्या वाफ्याला रोज सहा ते आठ लिटर पाणी लागू शकते. तेव्हा वाफे किती ठेवावयाचे, हे उपलब्ध पाण्यावरून ठरवावे.

किडीसाठी निंबोळी अर्क पुरेसा ठरतो. ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळावा व सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूसही फवारावा. पीक दुर्बळ असेल तेव्हा कीड अधिक बळावते. म्हणून औषधापेक्षा मातीकडे अधिक लक्ष द्यावे.

स्वतःचीही निगा

२०१८ च्या पावसाळ्यात भिलाईने डेंग्यूची साथ अनुभवली आहे. हा डास मुख्यत्वे साठलेल्या पाण्यात वाढतो. पिंपे घट्ट झाकावीत. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात. जड पिशव्या एकट्याने उचलू नयेत, जिन्यावरून एका हाताने कठडा धरूनच जावे आणि ओल्या गच्चीवर अनवाणी वा घसरत्या चपलांनी फिरू नये. वयाच्या साठीनंतर एका पडण्याची किंमत फार मोठी असते.

हिशेबाची वही

शेवटी पैशाचे बोलू. ही बाग बाजारखर्च फारसा वाचवील, अशी अपेक्षा ठेवू नये. पहिल्या वर्षी खर्चच अधिक होतो. निवृत्तीच्या रकमेतून एकदम महाग कुंड्या व तयार माती आणण्यापेक्षा चार पिशव्यांपासून सुरुवात करून दर हंगामात थोडी भर घालावी. आवर्ती ठेवीसारखेच हे आहे : हप्ता लहान, परंतु नियमित. पेरणीची तारीख, दिलेले खत आणि निघालेली भाजी एका वहीत टिपून ठेवावी. दुसऱ्या वर्षी हीच वही आपला उत्तम सल्लागार ठरते.

दाभोलकरांच्या प्रयोगांचे मर्म हेच होते, की शिकण्यास शेतकरी असावे लागत नाही, निरीक्षण करणारा असावे लागते. माती घडण्यास वेळ लागतो आणि नोकरीच्या काळात तोच आपल्यापाशी नव्हता. आता तो आहे. सकाळी नेहमीच्या वेळी जाग आली, तर गच्चीवर जावे. तेथे आपली वाट पाहणारे कोणीतरी असेल.