कोरियाचे जेवण आणि आपल्या घरातले पाकीट

वस्तीतल्या किराणा दुकानात चिप्स आणि बिस्किटांच्या शेजारी आता एक काळे-लाल पाकीट लटकलेले दिसते. त्यावर तोंडातून जाळ काढणारी कोंबडी असते. शाळकरी मुले त्याला नुसते ‘कोरियन’ म्हणतात. मोबाईलवर कोरियन मालिका पाहणाऱ्या आणि बीटीएसची गाणी तोंडपाठ असणाऱ्या मुली तर खाऊचे पैसे साठवून ते आणतात. अनेक माता-भगिनी आम्हाला विचारतात, हे मुलांना द्यावे की नाही? ‘देऊ नका’ एवढे सांगून हे पान पुरे करता आले असते. पण आपली मुले ऐकतात ती कारण पटल्यावर, आणि कारण सांगायचे तर हे जेवण कुठून आले आणि जगभर का गेले, हे आपल्याला माहीत हवे.

दक्षिण कोरियाचे रोजचे घरचे जेवण आणि हे पाकीट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तिथल्या घरात भात, एखादे पातळ सूप आणि बाजूला छोट्या वाट्यांत चार-पाच प्रकारच्या भाज्या असतात. वाफवलेला पालक, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, मुळा, समुद्री शेवाळ, थोडे मासे किंवा टोफू असे त्यांचे ताट. बाजूच्या या वाट्यांना ते बानचान म्हणतात. तळण कमी, भाजी जास्त. बाळंतिणीला समुद्री शेवाळाचे सूप पाजतात आणि पुढे दर वाढदिवसाला तेच सूप घरात होते. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू देतात, त्यातलाच हा प्रकार.

या ताटातली सर्वांत प्रसिद्ध वाटी किमचीची. चिनी कोबी मिठात मुरवायचा, त्याला लसूण, आले, लाल मिरची आणि बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस लावायचा आणि आंबू द्यायचा. हिवाळ्याच्या तोंडावर शेजारपाजारच्या बाया एकत्र बसून शेकडो कोबी मुरवतात आणि वाटून घेतात. या रिवाजाला किमजांग म्हणतात. युनेस्कोने 2013 मध्ये किमजांगला जागतिक सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. 2024 मध्ये सोयाबीन आंबवून केलेल्या चटण्या-सॉसची परंपराही त्या यादीत गेली. गंमत अशी, की ज्या मिरचीवाचून किमची लाल होत नाही ती मिरची मूळची कोरियाची नाही. ती अमेरिका खंडातून निघाली आणि गेल्या चारशे-साडेचारशे वर्षांत तिथे रुळली. आपल्या ठेच्यातली मिरचीही पोर्तुगीजांच्या जहाजातूनच आली आहे.

आता पाकिटाकडे येऊ. 1950 ते 1953 च्या युद्धाने कोरियाची राखरांगोळी केली. लोकांच्या पोटाला अन्न नव्हते. अमेरिकी सैन्याच्या छावण्यांतून बाहेर पडलेले डब्यातले मांस आणि सॉसेज लोकांनी किमची आणि तिखटात उकळून खाल्ले. त्याला ‘बुदे-जिगे’, म्हणजे छावणीचा रस्सा, असे नाव पडले. उइजोंगबू या गावात तो रस्सा खायला आज पर्यटक रांगा लावतात. उरलेसुरले पोटात घालण्याची वेळ कोणावर आणि का येते, हे आपल्या मागच्या पिढ्यांना वेगळे सांगायला नको.

सोलच्या नामदेमून बाजारात अशाच उरल्या अन्नाच्या लापशीसाठी रांगेत उभे असलेले गरीब लोक पाहून जॉन जुंग-युन या व्यापाऱ्याला सुचले, की जपानमध्ये निघालेल्या झटपट शेवया आपल्या देशात स्वस्तात विकाव्यात, असे सांगतात. जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी 1958 मध्ये या शेवया बाजारात आणल्या होत्या. जॉन यांच्या सामयांग कंपनीने 1963 मध्ये कोरियातले पहिले पाकीट काढले, त्याची किंमत होती 10 वॉन. तांदूळ अपुरा होता आणि अमेरिकेकडून मदतीचा गहू येत होता, म्हणून सरकारही लोकांना पिठाचे पदार्थ खा असे सांगत होते. भातात जव मिसळला आहे की नाही हे पाहायला शाळेत मुलांचे डबे तपासत. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हे ऐकून 1972 च्या दुष्काळातली लाल मिलो आणि सुकडी आठवेल. परदेशातून आलेल्या धान्याने त्या वेळी भूक भागली. कोरियात मात्र त्या धान्याने खाण्याची सवयच बदलली. आज तिथला माणूस झटपट शेवया खाण्यात जगात पुढे आहे.

म्हणजे आपल्या दुकानातले पाकीट हे भुकेच्या दिवसांतले पोटभरीचे खाणे आहे. त्याची झगमगती चैन नंतर झाली. 2008-09 पासून तिथल्या सरकारने आपले जेवण जगात पोहोचवण्याची मोहीमच हाती घेतली. 2008 मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर रॉय चोई यांच्या गाडीने कोरियन मांस घातलेले मेक्सिकन टाको विकायला सुरुवात केली. पुढे मालिका, सिनेमा आणि गाणी यांनी जे केले ते कोणत्याही जाहिरातीने झाले नसते. ‘पॅरासाइट’ सिनेमात शेवयांची वाटी दिसली आणि देशोदेशी लोक तशी वाटी करू लागले. ‘स्क्विड गेम’ आले तेव्हा साखरेच्या चकत्यांचे वेड आले. 2021 मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात किंबाप, बानचान, मुकबांग असे दोन डझनांवर कोरियन शब्द एकदम गेले. 2024 मध्ये कोरियाची नुसत्या झटपट शेवयांची निर्यात 100 कोटी डॉलरच्या पुढे गेली.

जाळ काढणाऱ्या कोंबडीचे पाकीट, ‘बुलदाक’, 2012 मध्ये निघाले. ते खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचे आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा, अशी पैज जगभर लागली. जून 2024 मध्ये डेन्मार्कच्या अन्न खात्याने त्यातले तीन प्रकार बाजारातून परत घ्यायला लावले. त्यांतील कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला जाळणारा घटक, लहान मुलांना विषासारखा बाधू शकेल इतका आहे, असे त्यांचे म्हणणे होते. महिन्याभरात दोन प्रकारांवरची बंदी उठली, सर्वांत तिखट प्रकारावरची राहिली. आपण तिखट खाणारी माणसे, आपल्याला काय होते, असे कोणी म्हणेल. पण घरच्या रश्शातले तिखट भाकरीबरोबर, भाताबरोबर पोटात जाते. इथे पूर्ण मसाला मूठभर शेवयांवर येतो आणि पैजेपोटी मूल तो उपाशीपोटी खाते. पोटात मुरडा, उलटी, छातीत जळजळ हे त्यातूनच होते. असे झाले तर पाणी पाजून जळजळ फार कमी होत नाही, कारण हा घटक पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही द्यावे. उलट्या थांबत नसतील, मूल गळून गेले असेल किंवा धाप लागली असेल तर दवाखान्यात न्यावे.

तिखटापेक्षा आम्हाला मिठाची काळजी जास्त आहे, कारण तिखट कळते आणि मीठ कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका छोट्या चमच्याएवढेच मीठ खावे. सोडियमच्या हिशेबात ते 2000 मिलिग्रॅम होते. पाकिटाच्या मागे जो तक्ता असतो त्यात सोडियमचा आकडा पाहा. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते निघते. कोरियन रश्शाच्या शेवयांच्या मोठ्या पाकिटात 1500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम सहज असते. 1500 ला अडीचने गुणले तर पावणेचार ग्रॅम मीठ झाले. त्यावर घरची भाजी, लोणचे, पापड, फरसाण वेगळे. आकडा पाहताना एक चलाखी लक्षात ठेवा. कधी कधी तो 100 ग्रॅमला दिलेला असतो आणि पाकीट असते 140 ग्रॅमचे. हा हिशेब घरातल्या सातवी-आठवीच्या मुलालाच करायला लावा.

कोरियातच या शेवयांवर अभ्यास झाला आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 10,711 प्रौढांचे खाणे आणि तपासण्या पाहिल्या होत्या. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा झटपट शेवया खाणाऱ्या स्त्रियांमध्ये पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी एकत्र बिघडण्याचे प्रमाण जास्त आढळले. पुरुषांत तसा संबंध दिसला नाही. अशा अभ्यासावरून शेवयांनीच रोग झाला असे सिद्ध होत नाही, पण आयाबायांनी सावध व्हावे एवढे त्यात नक्की आहे. आपल्या घरांत सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणारी, किंवा कामावरून दमून आल्यावर ‘माझ्यापुरते दोन मिनिटांत होते’ म्हणून पाकीट फोडणारी बाईच असते.

कोरियाच्या सरकारनेही हे अंगावर घेतले. 2010 च्या सुमारास तिथला माणूस दिवसाला सरासरी 4800 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम खात होता. रस्से, किमची, खारवलेले मासे यांतून ते येई. पोटाच्या कर्करोगाचे प्रमाण तिथे फार आहे. त्याला पोटातला एक जंतू कारण आहेच, पण जास्त खारवलेले अन्नही त्या आजाराला हातभार लावते. 2012 पासून मीठ कमी करण्याची मोहीम चालली आणि दहा वर्षांच्या आत सोडियमचे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांश उतरले. शिवाय चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी पोटाची तपासणी सरकारी योजनेतून होते. यातली एकही गोष्ट त्यांच्या मालिकांत दिसत नाही.

कोरियन जेवणाचे आणखी एक रूप अलीकडे परदेशात गाजते आहे, आणि ते आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. कोरियात बौद्ध धम्म इ.स. 372 मध्ये पोहोचला. तिथल्या विहारांतले जेवण मांस-मासळीशिवाय, ऋतूप्रमाणे उगवणाऱ्या भाज्यांचे असते. जोंग क्वान या भिक्खुणीच्या स्वयंपाकावर 2017 मध्ये ‘शेफ्स टेबल’ या मालिकेत एक भाग आला आणि मोठमोठ्या हॉटेलांतले आचारी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. विहारात जेवताना आपल्या भांड्यात हवे तेवढेच घ्यायचे, एक शीतही टाकायचे नाही आणि शेवटी भांडे पाण्याने विसळून ते पाणीही प्यायचे, अशी रीत आहे. लसूण, कांदा आणि तशा उग्र वासाच्या पाच गोष्टी तिथे वर्ज्य असतात. त्या पाचांत एक आपला हिंगही आहे, जो कोरियात फारसा मिळतही नाही. हा नियम भिक्खूंच्या साधनेपुरता आहे. तिथली बौद्ध कुटुंबे घरी भरपूर लसूण घालून किमची खातात, आणि त्यावरून कोणाला उच्च किंवा नीच ठरवत नाहीत. आपल्याकडे कांदा-लसणाला आणि मटणा-मासळीला जो विटाळाचा वास चिकटवला गेला, त्याच्याशी या नियमाची गल्लत कोणी करू नये. आपल्या मुलांच्या ताटातले अंडे आणि सुकट ही त्यांच्या वाढीची गरज आहे.

मग घरात काय करायचे? परदेशातून आलेल्या एका तिखट पाकिटाला शंभर-सव्वाशे रुपये पडतात. तेवढ्यात डझनभर अंडी येतात, हे मुलांना दुकानातच दाखवावे. तरीही कधी हौस म्हणून आणलेच, तर मसाल्याची पुडी निम्मीच घालावी, कारण बहुतेक मीठ त्या पुडीत असते. शेवयांत मूठभर पालक किंवा कोबी, मटार आणि एक अंडे घालावे. रस्सा पिऊन टाकू नये. कोरड्या शेवया चुरून त्यावर मसाला टाकून खाण्याची जी खोड मुलांना लागली आहे ती मोडावी. पाच वर्षांखालच्या मुलांना हे तिखट प्रकार देऊच नयेत. गरोदर बाई आणि रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेला माणूस यांनीही लांब राहावे. जेवताना मुकबांगचे, म्हणजे ढिगाने खाणाऱ्यांचे व्हिडिओ लावू नयेत. ते पाहत खाल्ले की पोट भरल्याचे कळत नाही. चीनने तर 2021 च्या कायद्याने असे व्हिडिओ बंदच केले.

मुलांना कोरियनच हवे असेल तर किमची घरी करता येते. एक किलो कोबी, म्हणजे विदर्भातली पानकोबी, आणि एखादा मुळा जाडसर चिरा. त्याला 20 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण चार छोटे सपाट चमचे, चोळून दोन तास ठेवा. पाणी सुटेल, ते टाकू नका. मग आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बोटभर आले वाटून, दोन चमचे लाल तिखट आणि एक चमचा तांदळाच्या पिठाची गार पेज करून त्यात कालवा. उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत दाबून भरा. भाजी तिच्याच पाण्याखाली बुडालेली राहिली पाहिजे, वर चार बोटे जागा हवी. झाकण सैल ठेवा, कारण आंबताना वायू सुटतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एका दिवसात आणि थंडीत दोन-तीन दिवसांत आंबट वास येतो. हे काम दुधाचे दही करणाऱ्या जंतूंच्या भाईबंदांचे आहे. ज्वारी-नाचणीची आंबील ज्यांनी केली आहे त्यांना हा वास ओळखीचा वाटेल. त्यानंतर बरणी फ्रीजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवा. फ्रीज नसेल तर पाव किलोचीच करा आणि दोन-तीन दिवसांत खाऊन टाका. वर केसाळ बुरशी आली, भाजी बुळबुळीत झाली किंवा कुजका वास आला तर वरचे काढून खालचे खाऊ नका, सगळे टाका. जेवताना दोन चमचे पुरेत. तेवढ्यात अर्धा ग्रॅमच्या आसपास मीठ जाते, म्हणून ज्या दिवशी किमची ताटात असेल त्या दिवशी लोणचे आणि पापड बाजूला ठेवा.